नाव-पत्त्यासकट

“नाव घेणार असाल तर आत्ताच सांगा. नाहीतर अमावास्येला दुसरी बाई बघा,” सुनीती म्हणाली आणि तिने झारा परातीत ठेवला.

ठेवला, आपटला नाही. आपटला असता तर नीलकंठशास्त्र्यांना बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढण्यात त्यांचा हातखंडा होता. ऐन पिंडांसमोर भांडायला उठलेले भाऊ त्यांनी गोडीगुलाबीने खाली बसवले होते. पण ही बाई चिडलेलीच नव्हती. तिने वड्यांचं उरलेलं तेल गाळून ठेवलं, शेगडी पुसली आणि पदराला हात पुसत त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. शास्त्रीबुवा उंबऱ्याबाहेर ताकाचा पेला धरून उभे होते आणि ताक प्यायचं विसरले होते.

पितृपंधरवड्यातली दशमी होती. सर्वपित्री अमावास्या पाच दिवसांवर आलेली. त्या दिवसासाठी सांगली, सातारा, नाशिक, कुठून कुठून नऊ यजमानांनी चैत्रातच सांगून ठेवलेलं, म्हणजे साठ पानं तर कुठे गेली नाहीत. काशीतल्या ब्रह्माघाटावर शास्त्रीबुवांच्या घराची ख्याती दोन गोष्टींसाठी होती: शास्त्रीबुवांचे स्वच्छ उच्चार आणि सुनीतीबाईंच्या हातचे वडे. यजमान परत जाताना उच्चारांबद्दल एक वाक्य बोलत आणि वड्यांबद्दल पाच.

“बाई, परत एकदा सांगा,” शास्त्रीबुवा म्हणाले. “पिंड कुणाच्या नावाने द्यायचा?”

“सुमंत. आडनाव ठाऊक नाही.”

“तुमचे कोण हे?”

“ऊदरामचा आवाज त्यांचा होता.”

शास्त्रीबुवांनी ताकाचा पेला उंबऱ्यावर ठेवला.

आता ऊदराम कोण, हे सांगायला हवं. शास्त्रीबुवांना ते चांगलंच ठाऊक होतं. त्यांच्याच माजघरातल्या टीव्हीवर तो सत्तावीस वर्षांपूर्वी अवतरला होता. कुठल्याशा परक्या देशातलं ते कार्टून, हिंदीत आणलेलं. ऊदराम नावाचं एक म्हातारं पाणमांजर नदीकाठच्या प्राण्यांना टपाल वाटत फिरतं. त्याची नाव म्हणजे एक मोठं घंगाळ. शिडाच्या जागी काडी मोडलेली काळी छत्री, धुराड्याच्या जागी चोच वाकलेली किटली, टपालाची थैली म्हणजे निळ्या चौकडीचा उशीचा अभ्रा आणि निशाण म्हणून एक लाल मोजा. बस्स. मारामारी नाही, जादू नाही. दर भागात एक पत्र आणि ते पोचवताना आलेल्या अडचणी. कधी पूर येई, कधी पत्ता पुसला जाई, कधी ज्याच्या नावाचं पत्र तो घर सोडून गेलेला असे. काठावरचे प्राणी म्हणत, जाने दो दद्दू, फेंक दो. मग ऊदराम मिशा पुसून सावकाश म्हणे, “चिट्ठी है, तो पहुँचेगी।”

त्याची आणि सुनीतीची गाठ पडली ती वेळेमुळे. श्राद्धाचा स्वयंपाक करणारीला भल्या सकाळी सोवळ्यात उभं राहावं लागतं. मग ब्राह्मण जेवणार, यजमान जेवणार, घरचे जेवणार, भांडी निघणार आणि त्यानंतर तिचं पान. ते व्हायला दुपारचे चार वाजत. नेमका तेव्हाच शाळेतून आलेला शास्त्रीबुवांचा मुलगा सुश्रुत टीव्ही लावून बसलेला असे. सुनीती ताट घेऊन माजघराच्या दाराशी टेकायची आणि गार भात कालवता कालवता बघायची.

तिचा नवरा नरहर टेंभे वेदपाठशाळेत शिकवत असे. तिच्या बत्तिसाव्या वर्षी तो काविळीने गेला. मूल नव्हतं, आणि वाईच्या माहेरी तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. काशीत तिला कुणी बाई म्हणत, कुणी काकू, यजमान मावशी म्हणत आणि भांडी घासणारी बाई स्वयंपाकीण या अर्थी महाराजिन म्हणे. तिला नाव आहे हे फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं. आणि इकडे हा ऊदराम प्रत्येक पाकिटावरचं नाव पूर्ण वाचत असे, पत्त्यासकट, कसलीही घाई न करता. श्रीमती बत्तखदेवी, पुल के नीचे, तीसरा पत्थर. तो आवाज एका बदकिणीला श्रीमती म्हणायचा तेव्हा सुनीती कालवलेला घास तसाच ताटात ठेवायची. ती पाणी पिऊन घ्यायची आणि भातात ताक जास्त झालं असं स्वतःशी म्हणायची.

सुश्रुत मोठा झाला, रेल्वेत लागला, त्याचं लग्न झालं. सुनीतीचं बघणं चालूच राहिलं. वाहिनीवाल्यांनी कार्यक्रम बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. तोवर जग ऊदरामच्याच सामानाने भरलेलं आहे हे तिला कळून चुकलं होतं. मोडकी छत्री दिसली की शीड. दोरीवर एकटाच वाळणारा मोजा दिसला की निशाण. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची किटली पडून चोच वाकली तेव्हा तिने त्याला नवी देऊन ती वाकडी मागून घेतली. शास्त्रीबुवांची छत्री तर हुबेहूब होती. डावीकडची एक काडी कापडाबाहेर आलेली, आणि ऊन असो पाऊस असो, ते ती काठीसारखी टेकत चालत. फरशीवर छत्री वाजली की शास्त्रीबुवा आले हे गल्लीला कळत असे.

सुश्रुतची बायको हिमानी बँकेत होती. तिनेच काकूंना फोनवर ऊदरामप्रेमींचा गट दाखवला. दोनशे अकरा माणसं. त्यात जबलपूरची एक नर्स होती, कोट्याचा एक ट्रकवाला होता, रतलामचे निवृत्त हेडमास्तर होते. ही मोठी मोठी माणसं एकमेकांना घरातल्या वस्तूंचे फोटो पाठवत. घंगाळ, अभ्रा, मोजा. खाली काही लिहायचं नाही, कारण ज्याला कळायचं त्याला कळत असे. सुनीतीने पहिलाच फोटो शास्त्रीबुवांच्या छत्रीचा टाकला आणि एका दिवसात ती काशीवाली मौसी झाली. आपली छत्री कोट्यापर्यंत गाजली आहे याची शास्त्रीबुवांना अजून गंधवार्ता नव्हती.

याच गटात श्रावणात बातमी आली. ऊदरामचा हिंदी आवाज कुणाचा, हे इतक्या वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं. भागाच्या शेवटी नावं यायची ती परक्या लिपीत. हिंदी आवाजांची कधी आलीच नाहीत. रतलामच्या हेडमास्तरांनी कुठे कुठे पत्रं लिहून शोध लावला, तेव्हा समजलं की सुमंत नावाचे कुणी गृहस्थ होते, मुंबईच्या एका उपनगरात एका खोलीत एकटे राहत होते आणि आषाढातच गेले. मागे कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी उचललं आणि उरकलं. शेजाऱ्यांना आडनावदेखील सांगता येईना. त्याच दिवशी संध्याकाळी जबलपूरच्या नर्सने लिहिलं, “मौसी, आप तो काशी में हैं।” सुनीती कणीक मळत होती. तिने हात धुतले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं, “हो जाएगा।” आयुष्यात तिने कुणाला लेखी शब्द दिला तो हा पहिला.

शास्त्रीबुवा काही दुष्ट नव्हते. तीस वर्षांत ते तिला एक वावगा शब्द बोलले नव्हते. (आता नावानेही कधी हाक मारली नव्हती, ते सोडा.) त्यांनी तिला नीट समजावून पाहिलं.

“हे बघा, शेवटी धर्मपिंड असतोच. ज्यांचं कुणी नाही, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, मित्र, चाकर, पशुपक्षी, झाडंसुद्धा त्यात येतात. तुमचे सुमंतही आले. वेगळं नाव घ्यायची जरूरत काय?”

“नाव न सांगता सत्तावीस वर्षं त्यांनी काम केलं, शास्त्रीबुवा. आता तरी घ्या.”

शास्त्रीबुवांनी मान हलवली. संकल्पात नातं बोलावं लागतं, म्हणाले. गंगेसमोर बसून खोटं नातं बोलणं माझ्याच्याने व्हायचं नाही. हे ते मनापासून बोलत होते. सुनीती म्हणाली, आप्त म्हणा, तसा शब्द तुमच्या यादीत आहे, मी दरसाल ऐकते.

“तुम्ही त्या माणसाला पाहिलं तरी होतं का, बाई?”

“तुमच्या यजमानांनी त्यांचे पणजोबा पाहिलेले असतात का?”

मोठी माणसं अशा वेळी जे करतात तेच शास्त्रीबुवांनी केलं. दिमाग ठिकाणावर आला की बोला, असं म्हणून ते छत्री टेकत निघून गेले. ताक उंबऱ्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत गल्लीभर झालं. पलीकडच्या घरातले बिंदुमाधव, हेही उपाध्येच, त्यांना तर पंधरवडाभर पुरेल असं खाद्य मिळालं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी त्यांनी जाहीर विचारणा केली की टीव्हीतल्या मांजराचं श्राद्ध असेल तर ब्राह्मणभोजनाला उंदीर बोलावणार का. लोक हसले. सुनीती तिथेच उभी राहून गवार निवडून घेत होती. तिने पावशेर गवार घेतली, पैसे दिले, कोवळ्या नसलेल्या दोन शेंगा परत ठेवल्या आणि बिंदुमाधवांना म्हणाली की मांजर नाही, पाणमांजर. मग ती चालू लागली.

शास्त्रीबुवांनी इकडे दुसऱ्या बाईचा शोध सुरू केला. पण सर्वपित्रीच्या दिवशी काशीत मोकळी स्वयंपाकीण मिळणं म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला घाटावर मोकळी पायरी मिळण्यापैकीच. दुर्गाघाटाच्या बाईंना गुरुचरित्राच्या मठाने गेल्या दिवाळीतच बांधून घेतलेलं. एक मिळाली, पण तिने वडे तळणार नाही, आणून देईन, असं सांगितलं. श्राद्धाला विकतचे वडे! शास्त्रीबुवांना त्या रात्री झोप लागली नसणार.

त्रयोदशीला त्यांनी सुश्रुतला पाठवलं. सुनीतीची खोली गल्लीपलीकडे एका घराच्या जिन्याखाली होती. पलंग, स्टोव्ह, एक फळी. फळीवर देव आणि देवांच्या शेजारी ती वाकड्या चोचीची किटली. सुश्रुत पलंगावर बसला. हा आता तेहतीस वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ झालेले.

“काकू, बाबांचा तमाशा होतोय. लोग हँस रहे हैं,” तो म्हणाला. “आणि किती झालं तरी कार्टूनच होतं ते.”

“तुला गोवर आला होता तेव्हा औषध कुणी पाजलं?”

“तू.”

“माझ्या हातचं तू थुंकून टाकत होतास. मी ऊदरामच्या आवाजात म्हटलं, श्रीमान सुश्रुत, माजघर, डावीकडची गादी, आपके नाम एक चम्मच आया है. तेव्हा तोंड उघडलंस.”

सुश्रुतने किटलीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्याला आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि बापासमोर उभं राहणं वेगळं. बाबा मानणार नाहीत, एवढंच तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. सुनीतीला वाईट वाटलं, खूप वाटलं. या पोराला तिने हाताखालून मोठा केला होता. ती उठून तांदूळ निवडायला लागली.

चतुर्दशीला संध्याकाळी शास्त्रीबुवांचा शेवटचा निरोप आला. उद्या आला नाहीत तर परवापासून येऊ नका. हिमानीने तो निरोप खाली मान घालून सांगितला आणि वर स्वतःचं जोडलं, “काकू, मान जाओ ना. या वयात दुसरं घर कुठे शोधाल?”

प्रश्न रास्त होता. बासष्टाव्या वर्षी नवं घर कोण देणार? तिची पुंजी ती काय, खोलीचं भाडंही या घराच्या जिवावर चालायचं. सुनीतीने याचा विचार केला नव्हता असं नाही. चार रात्री तेवढाच केला होता. पण तिने शब्द दिला होता, तोही लिहून, आणि दोनशे दहा माणसं ते कागदावर असल्यासारखं धरून बसली होती. ती हिमानीला म्हणाली, “जा तू. आणि उद्या कढीला ताक आदल्या दिवशीचं घेऊ नका. आंबट होते.”

अमावास्येला ती नेहमीसारखीच उठली. अंघोळ केली, स्टोव्हवर वाटीभर तांदळाचा भात केला. पितळी डब्यात भात, पुडीत काळे तीळ, थोडे दर्भ आणि फळीवरची किटली. आठ वाजता ती घाटाच्या पायऱ्या उतरत होती.

पुराचं पाणी नुकतंच उतरलं होतं. खालच्या पायऱ्यांवर गाळ होता आणि वरच्या पायऱ्यांवर माणसं. जिथे म्हणून बूड टेकायला जागा, तिथे एकेक यजमान पत्रावळ मांडून बसलेला. शास्त्रीबुवा पाण्याजवळ होते, समोर सांगलीचे एक जाडजूड गृहस्थ, बाजूला छत्री. त्यांनी तिला पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. सुनीतीला दोन पायऱ्या वर हातभर जागा दिसली, ती तिने हाताने गाळ सारून साफ केली आणि बसली. ही जागा नेमकी बिंदुमाधवांच्या शेजारी निघाली.

“बाई, इथे नका बसू. ही पुरोहितांची जागा आहे,” बिंदुमाधव म्हणाले. “आणि बायकांचं काय काम इथे?”

सुनीती पत्रावळीवर भात काढत होती. तिने वर पाहिलं. “तुमच्याकडच्या पंगतीलाही मी कितीदा वाढायला आले, बिंदुमाधव. कुणाला पानावरून उठवलं नाही.”

आजूबाजूच्या दोनचार यजमानांनी माना वळवल्या. बिंदुमाधवांच्या चेहऱ्यावर आता गंमत बघू असा भाव आला. या बाईला मंत्र सांगणार कोण होतं? पुरोहिताशिवाय ही करणार काय?

सुनीतीने दर्भ बोटात अडकवला, डोळे मिटले आणि म्हणायला लागली. आचमन, प्राणायाम, देशकाल. तीस वर्षं ती भिंतीपलीकडे उभी राहून वडे थापत होती आणि अलीकडे शास्त्रीबुवा सांगत होते. तिने कधी पाठ केलं नव्हतं. ते झालं होतं, जसा झाऱ्याला किती वेळ धरायचं याचा अंदाज झाला होता. शास्त्रीबुवा जिथे श्वास घेत तिथेच तिचाही श्वास पडत होता. जिथे त्यांचा आवाज चढे तिथे तिचा चढत होता. वरच्या पायरीवरचा एक तरुण उपाध्याय स्वतःचं सांगायचं थांबून ऐकू लागला. तिने पिंड वळला, पत्रावळीवर ठेवला, त्यावर तीळ घातले. मग किटली डाव्या हातात घेऊन उजव्या तळहातावर पाणी ओतलं.

“अस्मत् आप्तं सुमंतं,” ती म्हणाली आणि थांबली.

इथे तिच्या पाठांतरात भोक होतं. भिंतीपलीकडून ऐकताना या जागी दर वेळी निराळं यायचं. भारद्वाज यायचं, कौशिक यायचं, ज्याचं जे असेल ते. ते ऐकून उपयोग नसे म्हणून कान ते सोडून देत. सुमंतांचं गोत्र काय? आडनाव माहीत नाही त्या माणसाचं गोत्र कुठून आणायचं, हा विचार तिच्या मनात इतक्या दिवसांत आलाच नव्हता. तिने तांदूळ निवडले, तीळ निवडले, आणि हे राहिलं. तळहातावरचं पाणी बोटांच्या फटीतून गळायला लागलं.

“हं, गोत्र बोला,” बिंदुमाधव म्हणाले. “पाणमांजर गोत्र म्हणा.”

हसणं वरपासून खालपर्यंत गेलं. सुनीतीने किटली पुन्हा कलती केली, पुन्हा पाणी घेतलं. कान तापले होते, पण हात तिने खाली केला नाही. उठणार नाही, तिने मनाशी ठरवलं. संध्याकाळपर्यंत बसावं लागलं तरी नाव घेतल्याशिवाय उठणार नाही. ती पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्याने, “अस्मत् आप्तं सुमंतं...”

“काश्यपगोत्रं,” खालून आवाज आला.

स्वच्छ, ठाशीव, शेवटच्या पायरीपर्यंत पोचणारा. शास्त्रीबुवांनी मान वळवली नव्हती. ते सांगलीकरांच्या हातावर पाणी घालत होते. सांगलीकरांना वाटलं आपल्यालाच सांगितलं, त्यांनी भाबडेपणाने “काश्यपगोत्रं” म्हटलं.

“तुमचं नाही ते,” शास्त्रीबुवा खेकसले. “तुमचं भारद्वाज. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप घेतात, एवढं इथे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.” आणि हे बोलताना मात्र त्यांनी वर पाहिलं, पण सुनीतीकडे नाही, बिंदुमाधवांकडे.

घाटावर हसणारं आता कुणी नव्हतं. सुनीतीने तिसऱ्यांदा तळहात भरला.

“अस्मत् आप्तं सुमंतं काश्यपगोत्रं वसुरूपं स्वधा नमस्तर्पयामि।”

तीनदा म्हणाली. तीनदा ते नाव गंगेवर मोठ्याने गेलं. ज्या माणसाचं नाव सत्तावीस वर्षांत कुणी एकदाही पडद्यावर लिहिलं नाही, त्याचं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात ओला होता आणि काम चालू होतं. पिंड घेऊन ती गाळातून खाली उतरली आणि पाण्यात सोडून आली. परत वर येऊन तिने रिकामी किटली पायरीवर ठेवली, फोटो काढला आणि गटात टाकला. खाली लिहायची रीत नव्हती, पण आज तिने लिहिलं, “पहुँच गयी।”

शास्त्रीबुवांकडे तिकडे जेवणाचे तीनतेरा वाजले. हिमानीने रजा घेतली होती, दोन शेजारणी आल्या होत्या, तरी वडे तेलात फुटले, कढी आंबट झाली आणि सांगलीकर उच्चारांबद्दल पाच वाक्यं बोलून गेले. हे सगळं हिमानीनेच संध्याकाळी जिन्याखाली येऊन सांगितलं. तिच्या हाताला दोन ठिकाणी तेल उडालं होतं. सुनीतीने तिला मलम लावलं.

“बाबा म्हणाले, उद्या घट बसायचेत. नैवेद्याला सहा वाजता या म्हणाले.”

“काल म्हणाले येऊ नका. आज म्हणतात या.”

“काकू, तुम्हाला तर त्यांचा स्वभाव माहीत आहे.”

“त्यांनी आज गोत्र सांगितलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. तसं सांग त्यांना,” सुनीती म्हणाली. “पण मला निरोप नको. तीस वर्षं झाली, मला नुसते निरोपच येतात. बाईंना सांगा, काकूंना सांगा. चिठ्ठी पाठवा म्हणावं. नाव-पत्त्यासकट.”

हिमानी बघतच राहिली. चाळीस पावलांवरच्या खोलीत चिठ्ठी? बाबा असं काही करतील का? सुनीती म्हणाली की नाही केलं तर नाही, मी सकाळी दुर्गाघाटाला मठात विचारायला जाणार आहे. तिने ते रागाने म्हटलं नाही आणि धमकी म्हणूनही नाही. मलमाची डबी बंद करून फळीवर ठेवली.

सकाळी साडेपाचला तिने स्टोव्ह पेटवला. किटलीत चहाचं आधण ठेवलं. चोच वाकडी असली तरी चहा व्यवस्थित होतो. साखर घालत होती तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. फरशीवर छत्रीचं टोक. टक, मग दोन पावलं, मग टक. नेहमी तो आवाज घाटाकडे उतरून जायचा. आज तो अलीकडे वळला, जिन्यापाशी आला, तिच्या दाराबाहेर थांबला. वाकताना म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात तसे वाजले. दाराखालून एक घडी घातलेला कागद आत सरकला. मग पुन्हा टक, दोन पावलं, टक, आणि आवाज लांब गेला.

सुनीतीने सावकाश चहा खाली उतरवला, हात पदराला पुसले आणि कागद उचलला. घडीवर शास्त्रीबुवांचं पोथीतल्यासारखं ठसठशीत अक्षर होतं.

श्रीमती सुनीती नरहर टेंभे, जिन्याखालची खोली, ब्रह्माघाट, काशी.

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, मोठ्याने, कसलीही घाई न करता. आत काय लिहिलं असेल ते तिला ठाऊकच होतं. सहा वाजायला अजून वेळ होता. तिने कपात चहा ओतला, कागद न उघडता किटलीला टेकवून उभा केला आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायला बसली.